सुकाणूदंडाचे जलरोधन

जहाजाचे सुकाणू पाण्यात असते व ते फिरविणारी यंत्रणा जहाजाच्या आत असते. या दोहोंना जोडणारा दंड पिछाडीच्या ज्या छिद्रातून वर येतो, त्यातून पाणी आत शिरू न देता दंड मोकळेपणी फिरू देणाऱ्या व्यवस्थेस सुकाणूदंडाचे जलरोधन म्हणतात.

प्राचीन काळी बाजूस बांधलेल्या मोठ्या वल्ह्याने जहाज वळवीत. पिछाडीच्या मध्यभागी बसविलेल्या सुकाणूचा जुना पुरावा चीनमधील क्वांगचौ येथे सापडलेल्या पहिल्या शतकातील मातीच्या नौकाप्रतिकृतीत मिळतो. यूरोपात बिजागऱ्यांवर टांगलेले सुकाणू बाराव्या शतकात दिसू लागले. कोकणातील पारंपरिक गलबतांचे सुकाणूही पिछाडीच्या खांबावर बाहेरून टांगलेले असे. १६५७ मध्ये कल्याण–भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी उल्हास नदीच्या खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ केला. अशा नौकांत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू न देणे महत्त्वाचे असे; सुकाणूसाठी वेगळ्या जलरोधनाची गरज नसे.

मोठ्या लढाऊ व व्यापारी जहाजांत मात्र सुकाणूचा माथा पिछाडीतील छिद्रातून आत आणावा लागला. माथा चौकोनी असल्याने तो फिरण्यासाठी छिद्र बरेच मोठे ठेवीत आणि त्यावर डांबर लावलेल्या किंतानाचे आवरण खिळ्यांनी ठोकीत. वादळी लाटांनी हे आवरण फाटल्यास पाणी सरळ आत येई व जहाज बुडण्याचा धोका उद्‌भवे. ईस्ट इंडिया कंपनीचा जहाज-सर्वेक्षक गेब्रिएल स्नॉडग्रास याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोल माथ्याच्या सुकाणूचा पुरस्कार केला. गोल दंड स्वतःच्या अक्षाभोवती फिरत असल्याने छिद्र लहान ठेवता आले.

पुढील सुधारणा यंत्रशास्त्रातून आली. सॅम्युएल मॉर्लंड याने सतराव्या शतकात पंपासाठी वापरलेला स्टफिंग बॉक्स वाफेच्या एंजिनात रूढ झाला व १८३८ नंतर मळसूत्री पंख्याच्या जहाजांत पंख्याच्या दंडासाठी आवश्यक ठरला. सुकाणूदंडासाठीही हीच रचना स्वीकारण्यात आली. तीत दंडाभोवतीच्या पेटीत चरबी लावलेल्या अंबाडीच्या वा तागाच्या दोरीची वेटोळी भरून वरून ग्लँड नावाची कडी आवळतात. पुढे ॲस्बेस्टस वापरात आले; आरोग्यास अपायकारक ठरल्याने ते मागे पडले. आता ग्रॅफाइट व टेफ्लॉनयुक्त दोरी किंवा कृत्रिम रबराची ओठाकार कडी वापरतात.

पॅकिंग बदलताना जुनी वेटोळी पूर्णपणे काढून दंडावरील झीज व गंज तपासतात. प्रत्येक नवे वेटोळे स्वतंत्र कापून त्याची टोके तिरपी जुळवितात. लागोपाठच्या वेटोळ्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत, अन्यथा पाण्याला सरळ वाट मिळते. ग्लँड सर्व बाजूंनी सारखा आवळावा लागतो. तो अधिक आवळल्यास दंड झिजतो व सुकाणू जड होते, सैल राहिल्यास गळती होते. पेटी जलरेषेखाली असल्यास हे काम सामान्यतः जहाज गोदीत घेऊन करतात.

खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या पदार्थांचा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. कल्याणलगतच्या अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत बहुवारिके, संरक्षक लेप व धातूंचे क्षरण यांविषयी संशोधन चालते.