घुमट, भोंगा आणि मोबाईल

गोव्यातील डिचोली महाल पोर्तुगिजांकडे गेला १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, सणांवर बंदी आली. नवी काबिजाद हाती येईपर्यंत राज्यकर्त्यांचे धोरण निवळले होते. म्हणूनच आमच्याकडची देवळे, चवथीची माटोळी आणि घुमट-शामेळ-कांसाळ्यांच्या साथीची आरती टिकली. ती पुस्तकातून शिकायची नव्हती. वाड्यावरच्या घरोघरी जाऊन मोठ्यांच्या मागून ओळ धरायची.

नव्या साधनांना आम्ही कधीच विरोध केला नाही. वामन सरदेसाई, लिबिया लोबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त रेडिओ चालवला, आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कॅसलरॉकहून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर वीज गावोगाव पोचली आणि तिच्यामागून भोंगा आला. पुढे कॅसेट आली आणि ध्वनिमुद्रित आरती वाजू लागली. आवाज वाढला, गाणारे मात्र कमी झाले. कोणी तसे ठरवले नव्हते. सोय झाली, सवय लागली. रात्रीच्या गोंगाटाने आजारी माणसांची, तान्ह्या मुलांची झोप उडू लागली. अखेर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत भोंग्यांना आवर घातला.

घरातल्या पडद्यांना तसा नियम नाही. १९८७ मध्ये 'रामायण' मालिका पाहायला शेजारपाजार निदान एका खोलीत जमत होता. मोबाईलने प्रत्येकाला वेगळा पडदा दिला. रात्री उशिरापर्यंतच्या त्या उजेडाने झोप लांबते. चवथीला घरी आलेला पाहुणा आरतीचे चित्रण करतो आणि ओटीवर बसलेल्या आजीशी दोन शब्द बोलायचे राहून जातात. वर्षभर ती ज्यांची वाट पाहते, ते समोर असूनही भेटत नाहीत.

बदल म्हणजे ऱ्हासच, असे आम्ही मानत नाही. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि पुढे बकऱ्याचे कातडे रुळले. नाद थोडा बदलला, तरी वाजवणारा हात माणसाचाच राहिला. २०१९ मध्ये घुमट हे गोव्याचे वारसा वाद्य ठरले. फरक इथेच आहे. साधन बदलले तरी माणूस गात-वाजवत राहिला, तर परंपरा तगते. साधन माणसाच्या जागी बसले, की माणूस प्रेक्षक होतो आणि एकटा पडतो.

यंदा आरतीच्या वेळी मोबाईल आतल्या खोलीत राहू देत. घुमट एखाद्या मुलाच्या हाती द्यावे. ताल चुकेल, पण शेजारचे मोठे माणूस सांभाळून घेईल. आम्हीही असेच शिकलो.

गणपती बाप्पा मोरया!