परिस्थितीजन्य पुरावा व कबुलीजबाब

प्रत्यक्ष साक्षीदार नसताना घटनांच्या साखळीवरून गुन्हा शाबीत करणारा तो परिस्थितीजन्य पुरावा. सारडा खटल्यात (1984) सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पाच कसोट्या सांगितल्या. साखळीची एक कडी निसटली तरी संशयाचा फायदा आरोपीला. पोलिसांपुढील कबुली तर 1872 च्या पुरावा कायद्यानेच अग्राह्य ठरवली होती.

परिस्थितीजन्य पुराव्याची खरी परीक्षा भिलाईतील एका खुनाच्या खटल्यात झाली. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांना 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे झोपेतच गोळ्या घातल्या गेल्या. जिवाला धोका असल्याचे त्यांनी ध्वनिफितीत आधीच बोलून ठेवले होते. तरीही तोच पुरावा तीन न्यायालयांनी तीन तऱ्हांनी तोलला: 1997 मध्ये आरोपी पलटन मल्लाहला फाशी व पाच जणांना जन्मठेप, 1998 मध्ये सारे निर्दोष, 2005 मध्ये एकट्या मल्लाहला जन्मठेप. कटाचा आरोप टिकलाच नाही, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.