मणक्यातला 'गॅप'

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कंबर दुखली की पहिलं निदान पारावरच होतं : 'मणक्यात गॅप पडलाय.' ऊसतोडीहून परतलेल्यांकडून हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. झिजेत घडतं ते नेमकं उलट. दोन मणक्यांमधली गादी सुकते, तिची उंची घटते आणि अंतर कमी होतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्याला हे सांगून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. उपयोग आहे. कारण हा 'गॅप' बुजवायला म्हणून माणूस मुकादमाची उचल घेतो आणि ऑपरेशनला निघतो.

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी यांनी मणके एकमेकांना जोडले, ते क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी. झिजेचा तिथे प्रश्नच नव्हता. सरकलेली गादी नस दाबते आणि पायात कळ उतरते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडलं. मग गाद्या काढण्याची लाटच आली. आपल्याकडे मूळचे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईत मणके जोडण्याची शस्त्रक्रिया रुजवली. त्यांचं 'ताठ कणा' हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल.

गुण किती येतो, याचा हिशेब मात्र उशिरा झाला. नॉर्वेच्या वेबर यांनी सरकलेल्या गादीचे १२६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. १९८३ मध्ये निष्कर्ष आले : वर्षभराने ऑपरेशनवाले पुढे, चार वर्षांनी फरक जवळपास मिटलेला. नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची परीक्षा स्वीडनमध्ये झाली. २००१ च्या त्या अहवालात ऑपरेशन झालेल्यांपैकी ६३ टक्के बरं वाटतं म्हणाले, इतरांपैकी २९ टक्के. पण त्या इतरांना नेहमीचेच उपचार मिळाले होते. २००५ मध्ये ब्रिटनने ३४९ रुग्णांत ऑपरेशनची तुलना देखरेखीखालच्या कसून व्यायामाशी केली, तेव्हा फरक अगदी थोडा उरला. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. व्यायामाला उचल घ्यावी लागत नाही. लागते ती सुट्टी, आणि कोयत्याला नेमकी तीच मिळत नाही.

पायातली कळ ऑपरेशनने लवकर थांबते. नुसत्या कंबरदुखीची तशी खात्री नाही. लघवी तुंबली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर मात्र विचार करत बसू नये. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.