वानरमुख आणि मानवी खांदे

नोकरीनिमित्त लखनौस आलेल्या मराठी माणसास गोमतीपलीकडील अलीगंजचा हनुमंत फार दिवस परका राहत नाही. उत्तरेकडील ज्येष्ठ आपल्या वैशाख वद्य प्रतिपदेपासूनच सुरू होतो. त्या महिन्यातील प्रत्येक मंगळवार येथे 'बड़ा मंगल' म्हणून पाळला जातो आणि रस्तोरस्ती सरबत व पुरी-भाजी वाटली जाते. या देवस्थानाचा संबंध आख्यायिकेने अवधच्या एका बेगमेच्या श्रद्धेशी जोडलेला आहे, आणि शिखरावर चंद्रकोर आहे. परंतु दर्शनास आलेल्या हजारोंपैकी एकासही असे वाटत नाही की, समोरचा देह मनुष्याचा, मुख वानराचे व मागे पुच्छ, हे तीन भाग परस्परांस विजोड आहेत. हे न वाटणे कलावंताने कशाच्या बळावर साधले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

काल्पनिक प्राण्याची आकृती फसते ती बहुधा सांध्यात. मस्तक उत्तम असते, धडही उत्तम असते; पण मान कोठून निघाली हे डोळ्यांस पटत नाही. लखनौच्या राज्य संग्रहालयात मथुरेच्या कंकाली टीला येथील, कुषाणकाळातील एक शिलाखंड आहे. त्यावर अजमुख देवता कोरलेली असून तिचे नाव 'नेमेसो' असे ब्राह्मी अक्षरांत आहे. ही देवता आरामात बसली आहे आणि शेजारच्या कोणाशी बोलावे तशी तिने मान वळविली आहे. बोकडाचे मुख मानवी मानेवर वळते, आणि वळते म्हणूनच ते तेथलेच वाटते. याच नगरीतील नवाबी जलपरींची युक्ती निराळी. वाजिद अली शाहच्या (१८४७ ते १८५६) नाण्यांवर व कैसरबागेच्या दरवाजावर त्या दिसतात. युरोपीय धर्तीच्या या आकृतींत कमरेखालची हाडेच माशाच्या शेपटीत लुप्त होतात, त्यामुळे जोड दाखविण्याचा प्रसंगच येत नाही.

आपल्या शिल्पशास्त्राने या अडचणीवर मापाचा उपाय योजिला. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि एक ताल म्हणजे बारा अंगुळे. देवतेची मूर्ती सामान्यतः नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुळे. गणपतीस मात्र अनेक ग्रंथ पाचच ताल देतात, आणि त्यात मर्म आहे. पाच ताल हे बालकाचे प्रमाण. बालकाचे मस्तक देहाच्या मानाने मोठे असते. म्हणून हत्तीचे मस्तक त्या ठेंगण्या देहावर जड वाटत नाही. तेच नऊ तालांच्या सडपातळ देहावर ठेवून पाहावे, म्हणजे शास्त्रकारांची दृष्टी कळेल.

मापाहून खोल असे दुसरे कारण अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१४ साली भारतीय शरीररचनेवर लिहिलेल्या लहानशा पुस्तिकेत सापडते. आपल्या परंपरेत खांदे गजमस्तकासारखे, धड गोमुखासारखे, डोळे मत्स्यासारखे, मांडी केळीच्या खांबासारखी. म्हणजे निर्भेळ मानवी आकृती अशी येथे मुळी नाहीच! ज्या देहात हत्ती, गाय व मासा आधीच सुखाने नांदत आहेत, त्यास वानराचे मुख परके का वाटावे? अवनींद्रनाथांचे शिष्य असितकुमार हालदार १९२५ साली लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले, आणि हा विचार त्यांच्यासमवेत या नगरीत आला.

मुंबईची वाट वेगळी होती. १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांचे साचे व जिवंत प्रतिमान पुढे ठेवून हाड आणि स्नायू शिकविले जात. धुरंधरांसारख्या चित्रकारांची पौराणिक पात्रे याच अभ्यासावर उभी राहिली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्याने असे देव घरोघर पोहोचविले. त्यांचा लाभ नाकारता येणार नाही; देवाच्या दंडात खरे बळ दिसू लागले. पण पुढे दिनदर्शिकांच्या चित्रांत स्नायूच इतके वाढत गेले की भक्त मागे पडून पहिलवान पुढे आला. २०१५ च्या सुमारास मोटारींच्या काचांवर आलेला क्रुद्ध हनुमंत ही त्याच वाटेवरील पुढची पायरी होय. त्यात शरीर चुकलेले नाही. सुटला आहे तो दास्यभाव.

महाराष्ट्रात आपण दास मारुती व वीर मारुती असे दोन प्रकार मानतो. एकाचे हात जोडलेले, दुसऱ्याचा उगारलेला. आणि वेशीवरच्या मारुतीवर तर शेंदराची इतकी पुटे चढलेली असतात की अवयवच दिसत नाहीत. राहतो तो केवळ देहाचा झोक. तरीही ती आकृती खोटी वाटत नाही. हाडांचे ज्ञान कलावंतास हवेच, मापही हवे. पण काल्पनिक देह खरा ठरतो तो त्याच्या प्रत्येक अवयवाने एकच भाव बोलल्याने. सांधा मानेत असो वा कमरेत, तो बुजतो भावाने.