निकोटीन-अवलंबित्व

निकोटीन-अवलंबित्व : तंबाखूतील निकोटीन या अल्कलॉइडाचे शरीराला व मनाला जडणारे व्यसन. १८२८ मध्ये पोसेल्ट व रायमान यांनी हायडेलबर्ग येथे हे द्रव्य वेगळे केले. धुरावाटे ते १०–२० सेकंदांत मेंदूत पोहोचते व डोपामीन स्रवविते (पहा : डोपामीन). रक्तातील त्याचा अर्धायुकाल सुमारे दोन तास असल्याने तलफ दिवसभर पुन्हापुन्हा येते.

ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतात. निकोटीन बहुधा असतेच. म्हणून विडी-सिगारेट सोडून तिच्याकडे वळणाऱ्याचे अवलंबित्व सहसा टिकते. धुरातील इतर द्रव्ये ही पकड वाढवितात, शोषणाचा वेगही महत्त्वाचा : निकोटीनच्या पट्टीतून ते सावकाश उतरते व तिचे व्यसन क्वचितच लागते.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात विडी, चुना-तंबाखू व मिश्री ही निकोटीनची जुनी साधने होत. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखूची पूड. ती बोटाने दात-हिरड्यांना चोळतात. ती ओढली जात नाही, तरी सकाळी ती न मिळाल्यास डोके दुखते, चिडचिड होते. धुराविना व्यसन जडते याचा हा ठळक पुरावा. संगमनेर या विडी-उद्योगाच्या जुन्या केंद्रात (पहा : विडी उद्योग) विड्या वळणाऱ्या स्त्रियांचा तंबाखूशी संपर्क कातडीवाटे व धुळीवाटेही येतो.