गुडघ्यातल्या खाचेचे मोजमाप

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात. त्यांच्यामधल्या खाचेत मांडीचे हाड नडगीला बांधणारा एसीएल हा लिगामेंट असतो. अरुंद खाचेत तो हाडाशी भिडून तुटत असावा, असा तर्क स्वीडनच्या इव्हार पामर यांनी 1938 मध्ये मांडला. त्याला आकड्याचे रूप मिळायला पन्नास वर्षे गेली. 1988 मध्ये अमेरिकेत तारेक सूर्याल व सहकाऱ्यांनी दोन्ही गुडघ्यांचे एसीएल तुटलेल्या रुग्णांचे एक्स-रे तपासले आणि खाचेच्या रुंदीला त्याच पातळीवरच्या हाडाच्या एकूण रुंदीने भागले. या साध्या भागाकारामुळे थोराड आणि लहानखुऱ्या माणसांचे गुडघे एकाच मापाने तोलता आले. अडचण एवढीच, की एक्स-रे काढताना गुडघा जरासा वळला तरी आकडा हलतो.

खाचेखेरीज नडगीच्या आकाराकडेही लक्ष गेले. 1994 मध्ये फ्रान्सच्या देझूर आणि बोनँ यांनी नडगीच्या हाडाच्या माथ्याचा उतार मोजला. तो 10 अंशांनी वाढला, की पायावर भार येताच नडगी सुमारे 6 मिलिमीटर जास्त पुढे सरकते आणि तिला रोखणाऱ्या एसीएलवर ताण येतो.

अरुंद खाचेच्या धोक्याचा भक्कम पुरावा मात्र अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतला. कॅडेटांची मापे आधीच घेऊन चार वर्षे पाहणी झाली. 2003 च्या निष्कर्षांत अरुंद खाचेबरोबर सांध्यांचा सैलपणाही धोक्याचा ठरला.