तव्यावरची यादी

यादी म्हटली की ती आधी तयार असायची, असे आपण धरून चालतो. वाण्याची यादी, मतदारांची यादी, आमच्या शाळेतला हजेरीपट – सारे आधी लिहून व्हायचे आणि मग वाचायचे. पण स्वयंपाकघरात दुसरीही एक रीत आहे. पोळ्यांची चळत आधी रचून ठेवता येते. किंवा पानावर बसलेल्याने मागितली की तव्यावरची पोळी थेट त्याच्या पानात पडते. तो ‘पुरे’ म्हणाला की उरलेली कणीक कणीकच राहते. संगणकाच्या जगात ही दुसरी रीत रुळायला चाळीस-पन्नास वर्षे लागली. त्या प्रवासाची ही हकीकत.

कल्पना यंत्रापेक्षा फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व रचना क्रमाने मांडण्याला ‘प्रस्तार’ म्हणतात. आठ अक्षरांच्या चरणाच्या अशा रचना २५६ होतात. त्यांतली शंभरावी सांगायला आधीच्या नव्व्याण्णव लिहाव्या लागत नाहीत. त्यासाठी ‘नष्ट’ नावाची रीत आहे : संख्या सम असेल तर लघु लिहून ती निम्मी करावी, विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून, निम्मी करावी. शंभरापासून निघाले की लघु, लघु, गुरू, गुरू, गुरू, लघु, लघु, गुरू अशी ओळ हाती येते. वाचकांनी कागद घेऊन ताळा पाहावा. यावरून आपल्याकडे पूर्वी संगणक होते असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. यादी साठवण्यापेक्षा ती घडवण्याची रीत जवळ बाळगणे स्वस्त पडते, हे त्या काळीही माणसाला उमगले होते, इतकेच.

यंत्राला हे शिकवणाऱ्यांत मेल्विन कॉन्वे यांचे नाव आधी घ्यावे लागते. एक काम अर्ध्यावर थांबवावे, दुसऱ्याला वाव द्यावा, आणि पहिले जिथे थांबले तिथूनच पुढे न्यावे, या रचनेला त्यांनी १९५८ साली ‘कोरूटीन’ हे नाव दिले. लेख १९६३ साली छापून आला. त्याच सुमारास ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान दाल हे दोघे ‘सिम्युला’ ही भाषा घडवीत होते. रांगांसारख्या व्यवहारांची नक्कल यंत्रावर करून पाहावी, हा त्यांचा हेतू. रांगेतले प्रत्येक गिऱ्हाईक आपली स्थिती आपल्याजवळ बाळगते, थांबते, पाळी आली की पुढे सरकते. १९६७ सालच्या सिम्युलात या विचाराला ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ हे रूप मिळाले. ऑब्जेक्टला मध्येच थांबवणारी ‘डिटॅच’ ही सोयही त्यात होती. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण कादंबरीकार म्हणून मला ही मंडळी जवळची वाटतात. पात्रालाही आपले अर्धवट राहिलेले काम आठवत असते. म्हणून तर ते पुढच्या प्रकरणात जिवंत उभे राहते.

असा ऑब्जेक्ट हाती आला की यादीचे काम हलके होते. आपण कुठवर आलो आणि पुढचा घटक कसा घडवायचा, एवढेच त्याला ठाऊक हवे. १ ते १० लाख या संख्यांच्या वर्गांत ५०० हून मोठा पहिला वर्ग कोणता? आधी यादी रचणारा दहा लाख वर्ग मांडून बसेल. मागेल तसे देणारा तेविसाव्या वर्गाशी, ५२९ पाशी, थांबेल. आणि मूळ संख्यांसारखी न संपणारी यादी पहिल्या रीतीने रचताच येत नाही.

१९६५ साली पीटर लँडिन यांनी अशा यादीला ‘स्ट्रीम’ म्हटले आणि तिचे कोरूटीनशी असलेले नाते नोंदवले. १९७६ साली हेंडरसन आणि मॉरिस यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच ‘आळशी’ हा शब्द घातला. त्याच वर्षी फ्रीडमन आणि वाइज यांनीही हीच बाजू मांडली. आमच्या वर्गात जी शिवी, ती तिथे पदवी झाली!

तरी ही विद्या पंडितांपुरतीच राहिली असती. ती कारागिराच्या हाताला येईल अशी केली एमआयटीतल्या बार्बरा लिस्कोव्ह यांनी. १९७० नंतरच्या दशकात त्यांच्या ‘क्लू’ भाषेत ‘इटरेटर’ आला. त्याचे बीज कार्नेगी मेलनच्या ‘आल्फार्ड’ भाषेतले. ‘यील्ड’ म्हटले की एक घटक द्यायचा, तिथेच थांबायचे आणि मागणी आली की पुढे चालायचे. हाच शब्द २००१ साली पायथॉनमध्ये आणि २००५ साली सी-शार्पमध्ये अवतरला. २०१४ साली जावात ‘स्ट्रीम’ आले. दाल आणि न्यूगोर यांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००२ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

या सोयीचे मोल मात्र चुकवावे लागते. घटक प्रत्यक्ष घडतो त्या क्षणी मूळ सामग्री बदललेली असू शकते, फाइल मिटलेली असू शकते. चूक पेरली जाते एका ओळीत आणि उगवते भलत्याच ठिकाणी. म्हणून कोणती यादी मागेल तशी घडवावी आणि कोणती आधी लिहून पक्की करावी, हा विवेक यंत्र करीत नाही. तो माणसालाच करावा लागतो. पोळी तव्यावरचीच गोड लागते. मतदारांची यादी मात्र मतदानापूर्वीच लिहून, वाचून दाखवून, भिंतीवर लावलेली असली पाहिजे.